सरकवलेलं वर्तुळ

आई, लोकांना वाटतं मी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसते. तसं काही नाही. क्ष-किरण हवेतून खाली पोचतच नाहीत, म्हणून माझी दुर्बीण वर अवकाशात फिरते आणि मी सकाळच्या ट्रेनने नेपरव्हिलहून शिकागोला जाऊन कारकुनासारखी कॉम्प्युटरपुढे बसते. तू गेलीस तेव्हा मी नुकती इथे आले होते. मुलगीसुद्धा एक्स-रेचंच काम करणार, एवढंच तुला कळलं होतं आणि तेवढंच तू सगळ्या वॉर्डांत सांगून आली होतीस.

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात तू एक्स-रे काढायचीस आणि शाळा सुटली की मी तुझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचे. एकदा एक बाई नवऱ्याच्या फिल्मची वाट बघत रडवेली बसली होती. मी, दहा वर्षांची शहाणी, तिला म्हणाले, "काही नाही, सगळं छान आहे." तू बाहेर आलीस आणि तिच्यादेखत माझ्या पाठीत धपाटा घातलास. "फिल्ममध्ये असेल ते सांगायचं. समोरच्याच्या तोंडाकडे बघून सांगायचं नाही." मला तुझा भयंकर राग आला होता. खरं तर थोडा अजून आहे.

सहा वर्षांपूर्वी मला एक दीर्घिका सापडली. इतकी लांब, की तिचा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीसुद्धा नव्हती, आणि इतकी तेजस्वी, की हे तेज येतं कुठून हाच प्रश्न. तिच्या पोटात अवाढव्य कृष्णविवर असेल तर तिथून क्ष-किरण यायला हवेत. अख्खा दिवस दुर्बीण तिच्यावर रोखली. दीर्घिकेची जागा धरून आधी एक छोटं वर्तुळ आखायचं आणि मग त्यात प्रकाशाचे किती कण पडले ते मोजायचं, अशी आमची रीत. चार पडले. चार काय, कुठेही पडतात. पण काठाबाहेर लगेच आणखी तीन होते. मी वर्तुळ केसभर सरकवलं आणि दुर्बिणीचा नेम किंचित चुकला होता असं कारण लिहिलं. सात झाले. शोधनिबंध छापून आला, टाळ्या पडल्या, त्यावर ग्रँट मिळाली.

गेल्या आठवड्यात त्याच जागेचं नवं, कितीतरी लांब निरीक्षण हातात आलं. त्या ग्रँटवर नेमलेला पुण्याचा मुलगा, माझा सहकारी, लॅपटॉप घेऊन आला. "ताई, सोर्सच नाहीये तिथे. आपल्या सातातले तीन फोटॉन बाजूच्या एका ताऱ्याचे आहेत, आपल्याच गॅलक्सीतल्या." वर्तुळ मी मुद्दाम सरकवलं, हे त्याला ठाऊक नाही. वर त्यानेच मला धीर दिला. "पॉइंटिंग चेक करताना मिस्टेक झाली असेल. होतं यार असं. करेक्शन पाठवू." मग खाली बघत म्हणाला, "फक्त ग्रँट रिन्यू व्हायला हवी, ताई. माझा व्हिसा त्याच्यावरच आहे. मुलगी आत्ताच किंडरगार्टनला जायला लागलीय."

तेव्हापासून मला कशातच राम वाटत नाही. दारातला बर्फ चार दिवस तसाच आहे. त्या दीर्घिकेच्या पोटात काय आहे हे मला माहीत नाही, कधीच नव्हतं, आणि सहा वर्षं मी देशोदेशी उभी राहून माहीत असल्यासारखं सांगत हिंडले. त्यावर विसंबून दुसऱ्यांनी आपली उमेदीची वर्षं घातली. खरं लिहिलं तर माझं सगळंच काम लोक संशयाने उघडून बघतील, आणि बघावंच. न लिहिलं तर मी रोज त्याच खुर्चीत जाऊन बसायचं.

आज दुपारी दुरुस्ती पाठवली. नेम ठरवताना नकळत चूक झाली, असं लिहिलं. घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं, वर्तुळाचंसुद्धा, आणि म्हणाले की त्या पोराच्या व्हिसासाठी गप्प बसले. तो म्हणाला, "बरोबर केलंस तू." मी मान डोलावली. हे पत्र मी ड्रॉवरमध्येही ठेवणार नाही, कोणाच्या हाती लागायला नको. तुला एवढंच सांगते, आई, 'नकळत' लिहिताना त्याचा व्हिसा माझ्या ध्यानीमनीसुद्धा नव्हता.