छातीवरची काळी पट्टी

रविवार, संध्याकाळ

जिंकलो. विठ्ठलवाडीचा आमचा फुटबॉल क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये गेला, अजून खरं वाटत नाहीये. अर्ध्या सीझनला माजिवड्याच्या बिल्डरशेठने स्पॉन्सरशिप बंद केली. नव्या जर्सीला पैसे नव्हते, म्हणून कोचच्या बायकोने जर्सीवरच्या त्याच्या नावावर काळी पट्टी शिवून दिली. आज तोच शेठ पेढे घेऊन मैदानात. म्हणे, "पुढचं वर्ष माझं. ती पट्टी काढा, फोटो घेऊ."

कोचच्या जागी मी असतो तर काढली असती? बहुतेक हो. क्लब पैशावरच चालतो ना.

कोच म्हणाले, "शेठ, पैशांचं उद्या बोलू. फोटोत या, पण पट्टी राहील."

शेठ आला. फोटोत मधोमध हसतोय, आजूबाजूला अकरा काळ्या पट्ट्या.

फोटो फ्रेमला देऊनच घरी आलोय.