माईक चालू होता

काल्हेर,
ता. १२ मे २००७

प्रिय मेहरीन,

सलाम, आणि गळ्यात पडून खूप खूप प्रेम.

कशी आहेस? अय्यूबभाईंना माझा सलाम सांग. कुवेतला आत्ताच एवढं ऊन, मग जूनमध्ये काय होणार, म्हणून तुझ्या अम्मी, आमच्या हबीबाचाची, काळजी करत होत्या. परवाच त्यांना भेटून आले. गुडघा आता बरा आहे, जिना चढतात. निजामपुऱ्यात लाइट गेली की सगळे लूम एकदम गप्प होतात ना, तशी गेली होती, म्हणून निदान एकमेकींचं बोलणं तरी ऐकू आलं. तुझ्या भावाला, तौहीदला, दाढी आलीय आणि त्याला वाटतं आपण हीरो दिसतो. दिसत नाही. हे पत्र तोच घेऊन येतोय. वाटेत फोडलं असेल तर दोन रट्टे दे.

आमच्याकडे सगळं ठीक. आईची शुगर जरा वाढलीय. माझा टॅलीचा क्लास संपत आला, पुढच्या महिन्यात एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला लागेन बहुतेक.

तुझं कार्ड मिळालं. काय गं ते कार्ड! उघडलं की वाजतं, मिटलं की गप्प. असं इथे अजून कुणी पाहिलेलं नाही. पण पाकिटावर तू ‘सौ. विनिता प्रितेश भोईर, मु. वळ’ असं लिहिलंस, म्हणून ते वळला गेलं. तिथून प्रितेशच्या आईने नवशा रिक्षावाल्याच्या हाती आमच्याकडे धाडलं. त्या बाईने पाकीट फोडलंसुद्धा नव्हतं.

तुझी काही चूक नाही. तू गेलीस तेव्हा साखरपुडा झालेला, अक्षयतृतीयेची तारीख धरलेली. चाचींना मीच शपथ घातली होती की फोनवर तुला काही सांगू नका, नवीन संसार आहे, कशाला रडवायचं. मला वाटलं, तोवर सगळं जुळेलच परत.

जुळलं नाही. लग्न मोडलं, मेहरीन.

आणि कशावरून, तर क्रिकेटवरून! हस तू, मी रागावणार नाही. मीही सुरुवातीला हसलेच होते.

फेब्रुवारीत आमच्या गावची टेनिस बॉलची टूर्नामेंट होती. भात कापून झालं की त्याच शेतावर रोलर फिरवतात, तिथेच. तुला माहीतच आहे आमच्याकडचा नियम, ज्याने त्याने आपल्या गावाकडूनच खेळायचं. जावई असो की व्याही. फायनलला नेमके काल्हेर आणि वळ. शेवटची ओव्हर टाकायला आमचा भावेशदादा, आणि समोर प्रितेश.

शेवटच्या बॉलला प्रितेशने सिक्स मारला. बॉल मंडपावरून थेट पलीकडच्या गोडाऊनच्या पत्र्यावर. ठण्ण! अन् मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. सख्ख्या भावाच्या बॉलवर, काल्हेरच्या बायकांच्या मंडपात. सगळ्या बायका गप्प बसलेल्या आणि मी एकटी वाजवतेय. मला कुठे भान होतं! मला फक्त बॅट वर धरून उभा असलेला तो दिसत होता.

मी चूक केली असं मी म्हणणार नाही. आईसमोर म्हटलं नाही, तुझ्यासमोरही म्हणत नाही. नवरा होणार होता तो माझा.

पण पंढरीने कॅमेरा माझ्यावर फिरवला. पंढरी म्हणजे आमच्याकडचा लग्नाची शूटिंग करणारा. गावच्या केबलवर मॅच लाइव्ह चालली होती. कॉमेंट्रीवाला माईकवर ओरडला, “अरे बघा बघा, काल्हेरची विकेट तर आधीच वळला गेलेली हाय!” सगळं ग्राउंड हसलं. भावेशदादा खाली मान घालून उभा होता. त्या वेळी मला त्याचंही वाईट वाटलं गं, खोटं नाही सांगत.

बक्षिसाच्या वेळी वळच्या कुठल्या तरी पोराने तेच वाक्य दादाला ऐकवलं. दादाने त्याला सोडलं आणि प्रितेशची कॉलर धरली. प्रितेशचे वडील मध्ये पडले, दादाला ढकललं, तो ट्रॉफीच्या टेबलावर पडला. स्टेजवर माझे वडील, आमचे दाजी, उभे. बक्षीस त्यांच्याच हस्ते होतं, म्हणून माईक त्यांच्या हातात. पोराला पडलेलं बघितलं आणि दाजी ओरडले, “आमची लेक वळला देनार न्हाय! झाला संबंध!”

माईक चालू होता.

चारी बाजूंच्या भोंग्यांतून ते वाक्य सगळ्या ग्राउंडवर गेलं. केबलवरून घराघरात गेलं. घरातली आजारी म्हातारी माणसंसुद्धा टीव्हीसमोर बसून ऐकत होती. मेहरीन, माझे दाजी तुला माहीत आहेत. तापले की भडाभडा बोलतात आणि जेवायच्या आत विसरतात. हेच घरात बोलले असते तर दुसऱ्या दिवशी स्वतःच पेढे घेऊन वळला गेले असते. पण माईकवर बोललेलं गिळायचं कसं?

वळवाल्यांनी निरोप धाडला, ज्यांनी माईकवर मोडलं त्यांनी माईकवरच जोडावं. दाजी म्हणाले, आधी प्रितेशच्या बापाने माझ्या पोराला उचलायला यावं. दोन्हीकडची मोठी माणसं हट्टाला पेटली. मी मध्ये बसून होते, मला कुणी विचारलंच नाही. दादाने माझा मोबाइल काढून घेतला तो अजून दिलेला नाही.

वर त्या पंढरीने मॅचची सीडी काढली. मेल्याला लग्नाशिवाय दुसरं काही येतच नाही. चौकार गेला की गुलाबाच्या पाकळ्या, विकेट पडली की कबुतरं. आणि तो सिक्स आला की एका बाजूला बदामात बॅट घेतलेला प्रितेश, दुसऱ्या बाजूला बदामात टाळ्या वाजवणारी मी. त्यानंतर लगेच दाजींचं ते वाक्य. गावात घरोघरी लावून बघतात. दादाने आमच्या घरातली सीडी मोडून टाकली. मला ती पुन्हा बघायची होती, पण सांगणार कुणाला?

तुझं कार्ड आलं तेव्हा दाजींनीच पाकीट फोडलं. त्यांनी पत्ता वाचलाच नाही, वाटलं वीज कंपनीचं काही असेल. कार्ड उघडलं आणि ते वाजायला लागलं. मिटलं की थांबतं हे त्यांना कळेना. ते तसेच उघडं कार्ड हातात धरून उभे राहिले, आतलं ‘लग्नाच्या लाख लाख शुभेच्छा’ वाचत. मग माझ्या हातात देऊन म्हणाले, “बाय, हे तुझं हाय,” आणि चपला न घालताच बाहेर गेले. तेव्हापासून ते ग्राउंडच्या रस्त्याने जात नाहीत. मला त्यांचा राग येतो आणि त्यांच्याकडे बघवतही नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. एवढं पान भरलं तरी मी तिकडे जायचं टाळतेच आहे.

साखरपुड्यानंतर प्रितेशने मोबाइलला कॉलर ट्यून लावली होती, सनईची. म्हणाला, “तू फोन केलास की तुला रोज आपलं लग्न ऐकू येईल.” मी त्याला येडा म्हटलं होतं. मोबाइल गेल्यावर मी क्लासहून येताना मेडिकलबाहेरच्या लाल डब्यावरून त्याला फोन लावायचे. तुला तो डबा आठवतो ना? समोरच्याने उचलला की आपल्याला त्याचं ऐकू येतं, पण रुपया टाकल्याशिवाय आपलं त्याला जात नाही. मी सनई ऐकायचे आणि तो उचलायच्या आत ठेवून द्यायचे. रुपया मुठीतच राहायचा.

एक दिवस ठेवायला उशीर झाला. त्याने उचलला.

“हॅलो,” म्हणाला. मग जरा थांबून, “विनिता? तूच हायेस ना?”

मी रुपया फटीवर धरला. वाटलं, आता हा म्हणेल, मी येतो. दाजींना भेटतो. एवढंच म्हणाला असता ना मेहरीन, तर मी रुपया टाकला असता आणि तिथूनच चालत वळला गेले असते. मी वाट बघत होते.

तो बोलत राहिला. आई जेवत नाही म्हणाला. बाबा ऐकत नाहीत म्हणाला. “मी तरी काय करू सांग. तुझ्या बापाला एकदा माईकवर बोलायला लाव ना, येवढंच कर.” नंतर रडला. रडत होता तरी मी थांबले होते, की आता म्हणेल. मग म्हणाला, “रुपया टाक ना गं.”

मी नाही टाकला. त्याला माझ्याकडून ऐकायचं होतं, मला त्याच्याकडून. फोन आपोआप कट झाला. मेडिकलवाल्याने विचारलं, “क्या हुआ बेटी, लगा नहीं?” मी म्हटलं, नहीं लगा.

गेल्या रविवारी त्याचा साखरपुडा झाला. मुलगी खाडीपलीकडची आहे. शूटिंगला पंढरीच गेला होता, त्यानेच आमच्या आईला सांगितलं आणि वर म्हणाला, “वैनी, जेवण मस्त होतं.” आईने दार लावून घेतलं आणि माझे केस विंचरायला बसली, लहानपणी विंचरायची तशी. मी खूप रडले गं. दादा बाहेर उभा होता, आत आला नाही.

काल मी परत त्या डब्याशी गेले. जायला नको होतं. नंबर लावला. मला वाटलं ट्यून बदलली असेल.

सनई तीच आहे. आता ती तिला ऐकू येत असेल.

तुझं कार्ड मी कपाटात साड्यांखाली मिटून ठेवलंय. तू ईदला येशील तेव्हा माझ्या लग्नासाठी कबूल केलेली ती हिरवी साडी आणू नकोस. नुसती ये. आणि इथून पुढे पाकिटावर हा पत्ता घाल:

कुमारी विनिता दाजी तरे,
मु. काल्हेर.

तुझीच,
विनिता