माझं टोपलं सुलटंच राहिलं

आक्का, तुमी जाऊन बारा वर्सं झाली आणि मला आत्ता कागद घ्यावा वाटला. निजामाचं राज्य राहतं का जातं या गडबडीत आपला सरकी काढायचा कारखाना, जिन, बंद हाय. हात रिकामे असले की माझं डोकं फिरतं, तुमाला ठाऊक हाय. दुसरीतनं शाळा सुटलेली मी, चुकलं तर चुकलं.

तो उन्हाळा डोक्यातनं जात न्हाई. जिनच्या तापलेल्या पत्र्याखाली बाया कापसातला काडीकचरा निवडायल्यात, तुमी आमच्या मुकादमीण. मालकाचा हुकूम, भोंगा होईस्तोवर पाण्याला कुणी उठायचं न्हाई. दुपारी पेडगावची एक पोटुशी बाई चक्कर येऊन पडली. तुमी तिला पाणी पाजलं आणि आपलं टोपलं पालथं घालून त्यावर बसलात. मुकादमिणीचं टोपलं पालथं म्हणजे सगळ्यांचं पालथं, काम बंद, हे कुणाला सांगावं लागत न्हाई. पटापट टोपली पालथी पडली. माझं तेवढं सुलटं. मी निवडत राहिले.

सांजेला मालक नमला, पाणी मोकळं झालं. पण दुसऱ्या दिवशी तुमची मुकादमकी काढून त्यानं माझ्या पदरात टाकली. बाया माझ्या अंगावर धावल्या. "मालकाची मांजर! हिच्या हाताखाली? त्यापरीस शेण काढू!" तुमीच मधी पडलात. "गप गं. लेकुरवाळी हाय, भ्याली बिचारी. ती सांगल ते ऐकायचं. आपण फुटलो तर पाणी परत बंद हुईल." मग माझ्याकडं वळून म्हणालात, "बोला मुकादमीणबाई, कुठं बसू?" मी तुमचं तोंड न्याहाळलं. थट्टा नव्हती. मरेपर्यंत दोन साल माझ्या हाताखाली बसलात, एकदा पण माझा शब्द खाली पडू दिला न्हाई.

त्याचाच लय राग येतो मला. एक शिवी हासडली असती तर मी सुटले असते. आता मी टोपलं पालथं घातलं तर बाया कारण न विचारता घालतील. 'आक्कानं नेमलेली' म्हणतात मला. मालकानं नेमलं, हे विसरूनच गेल्यात. मी पण आठवण देत न्हाई.

हा कागद धाडू कुठं? चुलीत जाईल. त्याआधी एवढं लिहिते. मी भ्याले नव्हते, आक्का. निवडता निवडता डोळ्याच्या कोपऱ्यातनं एकच बघत होते, मालकानं मला पाहिलं का.