घळीतला फोटो आणि अन्वीचं मराठी

येना (जर्मनी), रविवार दुपार

प्रिय संध्याताईस,

धाकट्या वासुदेवाचा वाकून नमस्कार. तुझी टाच आता जमिनीला टेकते का? दाजींना मी आठवण काढल्याचं सांग (त्यांनी माझी काढली नसली तरी). आई इथे ठणठणीत आहे. सकाळी फिरायला जाते आणि शेजारच्या जर्मन आजींशी तासभर बोलते. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही, पण कुणाचं काही अडत नाही.

तर आई, नीना आणि लेकीला घेऊन मी अमेरिकेच्या वाळवंटातली ती प्रसिद्ध अरुंद घळ पाहून, आणि मुख्य म्हणजे तिचे फोटो काढून आलो! आमच्या फोटोक्लबातले जर्मन लोक मला कायम 'लेन्सेस बनवणारा, पण फोटो न काढणारा' म्हणत आलेत. म्हणून मी मोठा कॅमेरा, जड स्टँड आणि पाठीवरची पिशवी असा सरंजाम नेला. तुझ्या भावजयीने, नीनाने, विमानतळावरच हात जोडले. घळीच्या तोंडाशी आमची वाटाडी, तिथल्याच नवाहो जमातीची एक हसरी बाई, म्हणाली की स्टँड आणि पिशवी आत चालत नाही. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रकाशशास्त्रावर व्याख्यान दिलं. तिने शांतपणे ऐकलं आणि स्टँड जीपमध्ये ठेवला.

आतलं मात्र काय सांगू, ताई! वाळूचाच दगड, पण पाण्याने असा घासलाय की पैठणीच्या निऱ्या कुणी उभ्या करून ठेवल्यात असं वाटावं. खाली जांभळा, वर केशरी, आणि डोक्यावर आभाळाची नुसती चीर. सूर्य माथ्यावर आला की तिच्यातून उजेडाचा झोत थेट जमिनीवर उतरतो. त्या एका झोतासाठी मी समुद्र ओलांडला होता.

झोताच्या अलीकडे घळ इतकी आवळते की खांदा तिरका करून जावं लागतं. नेमकं तिथेच वाटाडीने सांगितलं, की लांब कुठे पाऊस पडला तरी इथे अचानक लोंढा येतो. झालं! आई घाबरली. पाय उचलेना. मागे माणसं तुंबली, कोणी चिनी, कोणी स्पॅनिश भाषेत उसासे टाकू लागली. नीना पुढे गेलेली. आता काय करावं? तेवढ्यात अन्वी वळली. आपली अन्वी, जिला मराठी समजतं सगळं, पण उत्तर देते जर्मनमध्ये, 'गेनाऊ' (बरोबर), नाहीतर 'नाइन' (नाही). जिच्यासाठी मी नऊ वर्षं घसा कोरडा केला. ती हात पुढे करून खणखणीत म्हणाली, "घाबरू नको. भिंतीकडे बघू नको, माझ्याकडे बघ. माझी हात धर."

माझी हात! (व्याकरणाची चूक आहे, पण ती कोणी सुधारायची नाही, असा घरात हुकूम काढलाय.) असं एकेक पाऊल टाकत तिने सगळा रस्ता पार करवला. तोवर झोत निघून गेला होता. माझ्या कॅमेऱ्यात एकच फोटो निघाला: केशरी धुरकट उजेड, आणि मधोमध माझ्याकडे पुढे आलेला एक छोटा हात. क्लबमध्ये म्हणाले, फोकस चुकलाय. मी म्हणालो, चुकलाय तर चुकू दे. आणि मोठा करून दिवाणखान्यात लावला. येणाऱ्या प्रत्येकाला मी तो ऐकवतो. हो, ऐकवतो.

तुझा,
वासुदेव

ता. क. — एक विनंती. पुढच्या मेमध्ये तू आईला गुहागरला नेणार आहेस, हे ठाऊक आहे. तरी तिला पुन्हा इकडेच पाठव. ती आल्यापासून अन्वी रोज दोन-चार वाक्यं बोलते. रागावू नकोस, गुहागर कुठे जात नाही, पोरगी मोठी होत चाललीय.

ता. ता. क. — संध्ये, मी आई. पत्र पाकिटात घालायच्या आधी वाचलं. मी मुळीच घाबरले नव्हते, मी नीनाबरोबर पुढे होते. घाबरला तो वासू. पोरगी त्यालाच म्हणाली, "बाबा, घाबरू नको." पण त्याने लिहिलंय ते राहू दे. कोणी का घाबरेना, पोरगी बोलली. मेमध्ये मी पुन्हा इकडेच येतेय, येनाला.