न समजण्याची पाळी

बाई, तुमचा शेवटचा बाक अजून हॉलमध्येच आहे. रंगकाम झालं तेव्हा तो भंगारात काढायला निघाले होते, मी काढू दिला नाही. कारण विचारलं तेव्हा काहीतरी थातूरमातूर सांगितलं. पोरांचे सराव-पाठ चालू असताना तिकडे बघायचं मी टाळते. तुम्ही बसलेल्या असाल असं वाटतं, छत्री मांडीवर घेऊन, समजेपर्यंत उठणार नाही अशा चेहऱ्याने.

माझा पहिला पाठ किला गेटजवळच्या शाळेत होता. बी.एड.च्या आम्हा पोरींना तुम्ही टेंपोत कोंबून न्यायचात, भाडं बहुतेक वेळा तुम्हीच द्यायचात. मी अपूर्णांक शिकवते आहे, फळा सुंदर भरला आहे, मुलं एका सुरात 'हो बाई' म्हणताहेत. शेवटच्या बाकावरची एक मुलगी तेवढी पेन्सिल चावत गप्प. तास संपल्यावर तुम्ही म्हणालात, "अगं, फळ्याला छान समजलं. तिचं काय?" इतका राग आला होता मला तुमचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तिच्याशेजारी बसवलंत आणि आपल्या डब्यातली पोळी पुढे केलीत. मी पोळीचे तुकडे करून करून सांगितलं तिला. समजलं तेव्हा ती हसलीबिसली नाही, तिने पाव पोळी बरोबर मोडून घेतली आणि खाऊन टाकली. त्या दिवशी मी मास्तरीण झाले.

आता मी या विभागाची प्रमुख आहे आणि पोरांना शाळांत न्यायला गाडी नाही. युनिव्हर्सिटीकडे दरवर्षी मागते. आपल्या विभागाची फी भरपूर जमते, ती कुठे खर्च होते तेही सगळ्यांना ठाऊक आहे. विज्ञानवाल्यांकडे नवं यंत्र आलं, येऊ दे, त्यांना लागतं. पण मी गाडीचं काढलं की बैठकीत युनिव्हर्सिटीचे साहेब हसून इथल्या हिंदीत म्हणतात, "मैडम, आपका तो चॉक-डस्टर में काम चल जाता है।" यंत्र दाखवता येतं हो, न समजलेलं मूल कसं दाखवू? यंदा शाळेत जाणंच बंद झालं. सगळे पाठ हॉलमध्ये होतात, आमचेच विद्यार्थी एकमेकांपुढे मुलं होऊन बसतात. उत्तरं आधी ठरलेली, आणि न समजणारं कोण तेही ठरलेलं, पाळीपाळीने. ही एवढी मोठी माणसं चौथीतल्यासारखा हात वर करतात. लवकरच यांच्यापुढे खरी मुलं बसणार आहेत.

आज राहवलं नाही. जाऊन तुमच्या बाकावर बसले. एक मुलगी अपूर्णांकच शिकवत होती, भराभर, फळा अगदी माझ्यासारखा भरलेला. मी हात वर केला आणि म्हटलं, "मला नाही समजलं." ती गडबडली, मग हसून पहिल्या बाकाकडे बोट दाखवत म्हणाली, "मैडम, आज न समझने की बारी तो इसकी है।" सगळा हॉल हसला. मीही हसले. मग पहिल्या बाकावरचीने ठरलेला प्रश्न विचारला, तिला ठरलेलं उत्तर मिळालं आणि पाठ वेळेत संपला.

बाहेर येताना त्या मुलीने विचारलं, "मैडम, आप टेस्ट ले रही थीं ना?" मी हो म्हणून मान हलवली. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते. तिने इतक्या घाईत सांगितलं, बाई, की मला खरंच समजलं नव्हतं.