संपर्कासाठी नाव

मांजलपूर, बडोदे
९ ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. तू माझे फोन घेत नाहीस, म्हणून शेवटी कागदावर लिहितेय. नीरावहिनी बऱ्या असतील. इकडे आम्ही ठीक आहोत. बाबा संध्याकाळी सोसायटीत फेरी मारतात, जेवणही व्यवस्थित आहे.

माझं काम तेच. वेबसाइटवरचे फॉर्म लोकांना सोपे जावेत असे करायचे. सध्या एका हॉस्पिटलसाठी फॉर्म करतेय, म्हाताऱ्या माणसांना घरबसल्या डॉक्टरांची वेळ घेता यावी म्हणून. असा फॉर्म खऱ्या माणसांकडून भरून घेऊन पाहावा लागतो. मी बाबांना बसवलं.

ते मध्येच थांबायचे. मी अक्षरं मोठी केली. एका पानावर एकच प्रश्न ठेवला. काही चुकलं तर लाल अक्षरांत ओरडण्याऐवजी काय करायचं ते साध्या भाषेत सांगितलं. ऑफिसात कौतुक झालं. बाबा तरी थांबायचेच. जन्मतारखेपाशी अडले, तेव्हा तारखेचा रकानाच वाईट आहे असं मी ठरवून टाकलं. फॉर्म दुरुस्त करता येतो ना दादा, म्हणून.

गेल्या रविवारी ते 'तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं?' इथपर्यंत आले आणि एकेक अक्षर शोधत त्यांनी तुझं नाव टाइप केलं. समरजित. तुझ्या लग्नापासून जे नाव घरात काढायची बंदी होती, ते.

"आणखी एक टाका ना बाबा," मी म्हटलं, "मुलीचं."

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बँकेतल्या बाईंशी बोलतात तसं अदबीनं म्हणाले, "टाकतो की. बेन, तुमचं नाव काय?"

मी सांगितलं.

"छान आहे. कोणी ठेवलं?"

ठेवलं होतं त्यांनीच. मी कीबोर्ड ओढून माझं नाव स्वतःच टाइप केलं.

डॉक्टर म्हणतात, हा विसर आता वाढतच जाणार. एखाद्या सकाळी "मोने, चहा" म्हणून हाक मारतात, दुपारी मी परकी होते. तुला मात्र रोज विचारतात, "समर आला का ऑफिसातून?" भांडण विसरले, तू राहिलास. जवळ राहिले ती मी. हे लिहू नये, पण लिहिलं.

ये. तुझ्यावर रागवायला त्यांना आता काही आठवत नाही. मला आठवतं, तरी दार मी उघडीन. उशीर केलास तर बाबा तुलाही नाव विचारतील.

निदान तुझी तरी बहीण,
मोहना