एका ओळीला एक चादर

सोमवार, ३

नणंदेची दोन बोटं गेली. लॉन्ड्रीत, चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरखाली. आणि चौकशी कोणाची, तर तिचीच! "गाण्याच्या नादात लक्ष नव्हतं" असं साहेबांनी लिहून ठेवलंय. शुक्रवारी सुनावणी. नोकरी जाणार म्हणतात.

त्या दिवशी गाणं मी सुरू केलं होतं. तिला आवडतं म्हणून. हे कोणत्या तोंडाने सांगू?

मंगळवार, ४

फळ्यावर नोटीस — कामावर गाणं बंद. दिवसभर रोलर एकटाच घरघरत होता.

बुधवार, ५

संध्याकाळी कामगार संघटनेच्या खोलीत आमच्या गाण्याची तालीम. तिथे गाणं बंद करायची कोणाची टाप आहे? हे आले नाहीत, घसा बसलाय म्हणाले. खर्जातला आमचा एकुलता एक दणदणीत आवाज, तो घरी. लॉन्ड्रीची सगळी यंत्रं सांभाळणारा माणूस, पण चार दिवस शर्टाची बटणं खालीवर लावतोय. बहिणीचं फार लावून घेतलंय.

गाणं बसवणाऱ्या मास्तरीणबाई शाळेतून निवृत्त झाल्या तरी पट्टी सुटलेली नाही. टेबलावर ताल धरला, आम्ही "आठ तासांचं माप आमचं" म्हणायला लागलो. "पळताय कुठे? मागे कुत्रं लागलंय?" पुन्हा म्हटलं, पुन्हा पळालो. तिसऱ्यांदाही तेच.

घड्या घालणारी मावशी म्हणाली, "बाई, आम्ही रोलरच्या तालावर म्हणतो. एका ओळीला एक चादर. शिकलोच तसं."

बाईंनी पट्टी खाली ठेवली. त्यांच्या फोनमध्ये दोन वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण होतं, लॉन्ड्रीत केलेलं, मागे रोलरसकट. ऐकलं. गाणं तेच, बायका त्याच, पण किती सावकाश! तेव्हा पाच मिनिटं लागायची. आता चार.

म्हणजे रोलर पळतोय. कोणीतरी गती वाढवली, थोडी थोडी, कळू न देता. आम्ही खुळ्यासारखं गळ्याने त्याच्यामागे धावत राहिलो. गाण्याने नाही गेली तिची बोटं. घरी येताना रडू आलं, आणि बरंही वाटलं.

गुरुवार, ६

नणंदेला सांगितलं. बांधलेला हात उशीवर ठेवून ऐकत होती. "वहिनी, मला वाटायचं मीच म्हातारी झाले. चादरी हाताला येईनात." छत्तीस वर्षांची पोर!

ह्यांनाही सांगितलं, मोठ्या उत्साहाने. "गाणं म्हणजे पुरावा नव्हे," एवढंच म्हणाले. मग पान्हा पुसत बसले. तो आधीच लखलखीत होता. आपली माणसं अशी कच खातात, तर साहेबांना काय बोलायचं? रागाने मी जेवले नाही.

शुक्रवार, ७

सुनावणीत बाईंनी फोनमधलं ते जुनं गाणं ऐकवलं. साहेब म्हणाले, "गाणं म्हणजे पुरावा नव्हे." तेच शब्द.

तेव्हा मागच्या बाकावरून हे उठले. "गती मी वाढवलीय. दर महिन्याला थोडी. साहेबांनी सांगितलं, तोंडी."

घसा मुळीच बसलेला नव्हता. नणंद उठून बाहेर गेली. कोणाकडे जाऊ ते कळेना, मी तिथेच बसून राहिले.